छळ सोसणाऱ्या मुलाचा मोबाइल काढून घेण्याआधी

कागदी_होडी (धागालेखिका)

माझा मुलगा सध्या पंधरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी सात-आठ महिने आमच्या घरात रोज मोबाइलवरून वाद होत असे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणाखाली उजेड दिसायचा, सकाळी उठवायला गेले की तो अंगावर धावून यायचा, गुण घसरले आणि एके काळी हातातून न सुटणारी चित्रांची वही कपाटात जाऊन पडली. याला इंटरनेटचे व्यसन लागले आहे, असे आम्ही दोघांनी ठरवूनच टाकले. मोबाइल काढून घेतला, वाय-फायचा पासवर्ड बदलला. पहिले दोन दिवस आरडाओरडा झाला आणि नंतर त्याने आमच्याशी बोलणेच बंद केले. त्या शांततेची मला जी भीती वाटली ती आधीच्या आरडाओरड्याची कधीच वाटली नव्हती, म्हणून आम्ही समुपदेशक बाईंकडे गेलो.

त्यांनी मोबाइल परत द्यायला सांगितला. मला राग आला हे कबूल करते. सोबत मला एक काम दिले: भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रोज रात्री त्याच्या खोलीतला उजेड किती वाजता बंद झाला ती वेळ पेन्सिलीने लिहायची आणि त्याविषयी त्याला अवाक्षर बोलायचे नाही. पाच आठवड्यांनी आम्ही ते पान समोर घेऊन बसलो. शुक्रवारी आणि शनिवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी उशिरा उठायची मुभा असताना, तो साडेअकराच्या आत झोपलेला होता. रविवारी दीड. बुधवारी सव्वादोन, अडीच, सव्वादोन, तीन, अडीच. बाईंनी बुधवारच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, ‘गुरुवारी शाळेत काय असते?’

गुरुवारी खेळाचा तास असतो. दोन कप्तान आळीपाळीने भिडू निवडतात आणि शेवटी माझा मुलगा उरतो. ‘तुम्हीच घ्या त्याला’, ‘नको, मागच्या वेळी आम्ही घेतला होता’, असा सौदा सगळ्यांसमोर आणि त्याच्यादेखत चालायचा. पुढे कपडे बदलतानाचा त्याचा एक फोटो कोणीतरी काढला आणि तो ज्या ग्रुपमध्ये नव्हता त्या ग्रुपवर फिरवला. एका ‘हितचिंतकाने’ त्याचा स्क्रीनशॉट त्याला पाठवला. हे सगळे वर्षभर चालले होते आणि आम्ही घरात डेटा किती वापरला याचा हिशेब करत होतो.

त्यानंतर मी जमेल तेवढे वाचन केले. छळ म्हणजे काय, याची आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या डॅन ऑल्व्यूस या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून आली. त्रास देण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे आणि दोन बाजूंच्या बळात तफावत असणे या तीन गोष्टी त्यात लागतात. ‘मुलांमध्ये भांडणे व्हायचीच’ असे आपण म्हणतो तेव्हा ही तिसरी अट विसरतो. भांडणात दोघांनाही दोन हात करता येतात. माझ्या मुलाला ते करता येत नव्हते.

दुसरी उपयोगी गोष्ट डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर यांनी 2014 मध्ये मांडलेल्या विचारात सापडली. इंटरनेटचा अतिवापर म्हणजे मुळात बिघडलेले मन असे न धरता, प्रत्यक्ष आयुष्यात जे मिळत नाही किंवा जे सोसवत नाही त्याची भरपाई माणूस तिथे करू पाहतो, असे समजून त्या वापराकडे बघावे, असे ते सुचवतात. बुधवारच्या रात्री मुलगा जो खेळ खेळत असे त्यात पाच जणांचा संघ असतो आणि त्या संघात त्याला कोणी शेवटी निवडत नाही. मला हे कळायला पाच आठवड्यांच्या पेन्सिलीच्या खुणा लागल्या.

मला इथल्या जाणत्यांना विचारायचे आहे ते एवढेच: छळ, नैराश्य आणि इंटरनेट असा तिहेरी गुंता असताना आधी कशाला हात घालावा?

निदानाआधी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. कोणत्याही एका मुलाबद्दल इथून मत देणे योग्य नाही, त्यामुळे सर्वसाधारण लिहितो.

आधी ‘व्यसन’ या शब्दाविषयी. 1995 मध्ये इव्हान गोल्डबर्ग या मनोविकारतज्ज्ञाने ‘इंटरनेट व्यसन विकार’ हे नाव चक्क थट्टेने, निदानाच्या जाडजूड ग्रंथाची नक्कल म्हणून तयार केले होते. पुढल्याच वर्षी किंबर्ली यंग यांनी तो विषय गांभीर्याने मांडला आणि त्यांची वीस प्रश्नांची चाचणी आजही जगभर वापरली जाते. तरीही ‘इंटरनेट व्यसन’ असे स्वतंत्र निदान अधिकृत वर्गीकरणात नाही. 2013 च्या डीएसएम-५ या अमेरिकेतील निदान-ग्रंथात इंटरनेटवरील खेळांचा विकार ‘अधिक अभ्यासाची गरज असलेल्या’ यादीत आहे आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात फक्त खेळांसंबंधीचा विकार मान्य झाला आहे. त्यासाठीही खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, हे साधारणपणे वर्षभर दिसावे लागते. दिवसाला किती तास, हा निकष त्यात नाही. पालक मात्र दवाखान्यात आल्याआल्या पहिल्यांदा तासच सांगतात.

नैराश्याचे उलटे होते. ते समोर असून ओळखू येत नाही, कारण मोठ्यांच्या मनात नैराश्य म्हणजे रडवेला चेहरा असे चित्र असते. किशोरवयात उदासीच्या जागी चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकते आणि हे निदानाच्या निकषांत स्पष्ट नमूद केलेले आहे. अंगावर धावून येणे, आवडीची गोष्ट सोडून देणे, झोपेचे चक्र उलटणे, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, अशांपैकी पाच लक्षणे दोन आठवडे बहुतेक दिवस टिकली, त्यांत उदासी-चिडचिड किंवा रस संपणे यांपैकी एक असले आणि त्याने रोजचे जगणे अडले, तर तपासणी लांबवू नये. धागालेखिकेने वर्णन केलेल्या यादीत मोबाइलपेक्षा चित्रांच्या वहीने मला जास्त सावध केले असते.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने लिहितो. असे मूल ‘मी नसतो तर बरे झाले असते’ या अर्थाचे काही बोलले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा नुसताच दाट संशय आला, तरी त्याला शांतपणे आणि सरळ शब्दांत विचारावे की, ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरते ही समजूत खोटी आहे. बहुतेक मुलांना कोणीतरी विचारले याचा दिलासाच वाटतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातील औषधे आणि इजा करून घेता येईल अशा वस्तू हाताबाहेर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. इतर सगळे क्रम याच्यानंतर येतात.

शेवटचा_बाक

मी आता चाळिशीत आहे. माझ्या वेळी इंटरनेट नव्हते, त्यामुळे मी ग्रंथालयात लपत असे. मधली सुट्टी झाली की तिथे जायचे, घंटा होईपर्यंत बाहेर यायचे नाही. त्याला कोणी व्यसन म्हटले नाही, उलट ‘किती वाचतो’ म्हणून कौतुक झाले. मी वाचत नव्हतो. मी तीन वर्षे त्याच चार पुस्तकांची पाने उलटत होतो आणि दाराकडे बघत होतो.

आजच्या मुलांच्या आणि माझ्या लपण्यात एक फरक आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. शाळा सुटली की माझे छळणारे मागे राहायचे. संध्याकाळी सहा ते सकाळी सात मी सुरक्षित होतो. यांना आसरा आणि मार दोन्ही त्याच पाच इंची काचेतून मिळतात. एका हाताने खेळ चालू असतो आणि वरून सूचना टपकते की, अमक्याने तुमच्या फोटोवर काहीतरी लिहिले आहे. ती न उघडता झोपणे मला आजही जमले नसते.

घरी का सांगितले नाही, असे माझी आई अजून विचारते. सांगितले असते तर वडील शाळेत गेले असते, शाळेने त्या तिघांना माझ्यासमोर उभे केले असते, त्यांनी माफी मागितली असती आणि दुसऱ्या दिवशी मला त्या माफीची किंमत मोजावी लागली असती. बारा वर्षांच्या मुलाचा हा हिशेब चुकीचा नसतो. त्यात आज अजून एक भर पडली आहे: सांगितले तर मोठी माणसे आधी मोबाइल काढून घेतील.

दुसरी_बाजू

चर्चा चांगली चालली आहे, पण कारण-परिणामाचा बाण एकाच दिशेला जातो असे गृहीत धरू नये, म्हणून थोडे उलट लिहिते. माझे काम आकडेवारीचे आहे.

छळामुळे नैराश्य येते याचा पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे, कारण तो वर्षानुवर्षे मुलांचा पाठपुरावा करून मिळवलेला आहे. ल्युसी बोव्स आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश अभ्यासात, तेराव्या वर्षी वारंवार छळ सोसलेल्या मुलांपैकी 14.8 टक्के अठराव्या वर्षी नैराश्याच्या निकषांत बसली, तर छळ न झालेल्यांत हे प्रमाण 5.5 टक्के होते. 1958 मध्ये जन्मलेल्या ब्रिटिश बालकांच्या पाहणीत हा परिणाम वयाच्या पन्नाशीपर्यंत दिसतो. तरीही पहिल्या अभ्यासाचा दुसरा अर्थ विसरू नये: वारंवार छळ झालेल्यांतलीही बहुसंख्य मुले अठराव्या वर्षी निराश नव्हती. छळ झाला म्हणजे आयुष्य वाया गेले, असे त्या मुलाला कोणी ऐकवू नये.

इंटरनेटबाबत पुरावा फार पातळ आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी 2019 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली, तेव्हा डिजिटल साधनांच्या वापरातून त्यांच्या मनःस्वास्थ्यात मुलागणिक दिसणाऱ्या फरकाचा जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग उलगडला. आता ही सरासरी आहे. सरासरीत धागालेखिकेचा मुलगा दिसत नाही, तो बुधवारच्या रकान्यातच दिसतो. पण सरसकट मोबाइलला खलनायक ठरवण्यासाठी हा आधार पुरत नाही, हे नक्की.

तरीसुद्धा ‘बिचारा आसरा शोधतो आहे, शोधू द्या’ इथवर जाऊ नये. आसऱ्याचाही त्रास होतो आणि त्याचा मार्ग साधा आहे: झोप. वयात येताना शरीराचे घड्याळ तसेही पुढे सरकते, त्यात अडीच वाजता झोपून सहाला उठणारे मूल वर्गात मठ्ठ, चिडके आणि हळवे होते. अशा मुलाला चिडवायला अधिक मजा येते, तो चटकन रडतो किंवा चटकन भडकतो. म्हणजे छळातून जागरण, जागरणातून उदासी आणि त्या उदासीतून पुन्हा छळाला निमंत्रण. हे चक्र कुठूनही सुरू झाले तरी फिरते सारखेच, म्हणून ‘आधी काय’ या प्रश्नापेक्षा आज या चाकाचा कुठला आरा धरता येईल, हे बघणे मला जास्त व्यवहार्य वाटते.

बंदीचा मार्ग सरकारांनीही करून पाहिला आहे. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन खेळ बंद केले आणि जानेवारी 2022 पासून तो कायदाच रद्द केला.

खडू

मी शिक्षिका आहे आणि वरच्या सगळ्या प्रतिसादांत शाळा गैरहजर आहे, याचे मला वाईट वाटले. पालक मोबाइलबद्दल बोलतात, डॉक्टर निदानाबद्दल. पण बुधवारची रात्र ज्यामुळे उगवते तो गुरुवारचा तास एका शिक्षकाचा आहे आणि तो बदलायला पाच मिनिटे लागतात. कप्तानांकडून भिडू निवडून घेण्याऐवजी हजेरीपटाच्या क्रमाने संघ पाडले की तो बाजार बंद होतो. मी स्वतः कितीतरी वर्षे ‘कप्तान पुढे या’ म्हणत आले आहे. शेवटी कोण उरते, हे मला पाठ होते. तरी मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

बघ्यांबद्दलही लिहायला हवे. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेले निरीक्षण 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. छळाच्या 88 टक्के प्रसंगी इतर मुले हजर होती, पण त्यांच्यापैकी कोणी मध्ये पडले ते फक्त 19 टक्के प्रसंगी. मध्ये पडले तेव्हा मात्र निम्म्याहून अधिक वेळा प्रकरण दहा सेकंदांच्या आत थांबले. फिनलंडमधील ‘किवा’ (KiVa) हा शाळांतला छळविरोधी कार्यक्रम याच धाग्याने विणलेला आहे. छळणाऱ्याला प्रतिष्ठा देतात ते आजूबाजूला हसणारे, म्हणून काम त्यांच्यावर करायचे. शिवाय छळ होणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसतील अशी दोन-तीन वजनदार मुले वर्गशिक्षकाने गुपचूप तयार करायची. माझ्या अनुभवात हे दुसरे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत फळ देणारे आहे. हसणाऱ्यांवर व्याख्यान देऊन काही होत नाही, मी देऊन पाहिले आहे.

‘शेवटचा बाक’ यांनी माफीच्या समारंभाबद्दल लिहिले, ते अगदी खरे आहे. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून समेट घडवणे हे बरोबरीच्या भांडणात चालते. बळाची तफावत असताना ती दुसरी शिक्षा होते, आणि ती छळ सोसणाऱ्याला होते.

पाटी_कोरी

हे लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. माझी मुलगी छळ सोसणारी होती आणि छळणारीही. आठवीत तिला मैत्रिणींच्या टोळीने वाळीत टाकले. नववीत तिने खोट्या नावाने खाते उघडून दुसऱ्या एका मुलीबद्दल जे लिहिले ते मी वाचले आहे. त्या वेळी तीही रात्री दोनपर्यंत जागी असायची. आपण धरून चालतो तसा तिचा तो आसरा नव्हता. ते तिचे शस्त्रागार होते. शाळेने कडक कारवाई केली. आठवीतल्या प्रकाराबद्दल आम्ही बोललो तेव्हा ‘तो विषय जुना झाला’ असे उत्तर मिळाले.

निदानाआधी

‘पाटी कोरी’ यांचे आभार. अशा दुहेरी भूमिकेतल्या मुलांकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि त्यांनाच सर्वांत जास्त धोका असतो. अमेरिकेत विल्यम कोपलंड आणि सहकाऱ्यांनी 1,420 मुलांचा तारुण्यापर्यंत मागोवा घेतला, त्याचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. ज्यांनी छळ सोसला आणि केलाही, त्यांच्यात प्रौढपणी नैराश्य, पॅनिक विकार (अचानक तीव्र भीतीचे झटके) आणि, मुलग्यांत, आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण विशेष वाढलेले आढळले. शिक्षा करू नये, असे मी म्हणत नाही. पण त्या मुलीच्या कागदावर फक्त ‘आरोपी’ लिहून थांबणे म्हणजे अर्धे निदान झाले.

‘दुसरी बाजू’ यांच्या आऱ्याबद्दल: माझ्याकडे आलेल्या बहुतेक घरांत मी आधी झोपेचा आरा धरतो, कारण तिथे मुलाची संमती मिळते. ‘मोबाइल सोड’ या वाक्याला विरोध होतो. ‘सकाळी डोके कमी दुखेल, बघू या का’ याला होत नाही. मोबाइलची रात्रीची जागा खोलीबाहेर, आणि ती घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलची, वडिलांच्यासुद्धा. दुसरे म्हणजे एक-दोन तास अशी ठोस भरपाई हवी, जिथे मुलाला कोणीतरी पहिल्यांदा निवडते. ती नसताना केलेली कपात टिकत नाही. तिसरे म्हणजे स्क्रीनशॉट पुसू नयेत. मुलाला ते बघवत नसतील तर पालकांनी आपल्याकडे घेऊन तारीखवार ठेवावेत, नंतर शाळेशी बोलताना त्यांचाच उपयोग होतो. नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल तर मानसोपचार आणि गरजेप्रमाणे औषध लागते. तिथे फक्त वेळापत्रकाने भागत नाही.

कागदी_होडी (धागालेखिका)

सर्वांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. ‘खडू’ ताईंचा प्रतिसाद मी छापून घेतला आणि नाव न सांगता खेळाच्या सरांना नेऊन दिला. सरांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला, काही बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारपासून हजेरीपटाने संघ पडू लागले आहेत. फोटोच्या बाबतीत शाळेने अजून लेखी काही दिलेले नाही. त्याचा पाठपुरावा आम्ही तारीखवार स्क्रीनशॉट घेऊन करत आहोत.

नैराश्यावर त्याचे उपचार सुरू आहेत आणि ते लवकर संपतील असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. तो अजूनही चिडतो. गेल्या मंगळवारी दार इतके जोरात आपटले की, कॅलेंडर खिळ्यावरून खाली पडले. ते परत लावताना त्याला पेन्सिलीचे आकडे दिसले. हे काय आहे, असे त्याने विचारले. मी खरे ते सांगितले आणि तो भडकेल म्हणून तयारीत राहिले. तो बराच वेळ बुधवारचा रकाना बघत उभा होता. मग म्हणाला, ‘तीन चुकीचे आहे. तेव्हा मी साडेतीनला झोपलो होतो.’ आणि खोडरबर मागितला.

आता वेळ तोच लिहितो. काल बुधवार होता, तिथे 12.40 लिहिले आहे.